दंडघेर

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पोराला मांडीवर घ्यायचं, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, हात सैल सोडायला लावून दंडाभोवती पट्टी गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. हे काम मी डोळे मिटूनही करीन. आणि माझ्याच घरात, माझ्या सासऱ्यांच्या दंडावरचं मांस महिनोन्‌महिने झडत होतं, ते मला दिसलं नाही.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. सून म्हणून त्यांच्या अंगाकडे मी कधी निरखून बघितलं नाही, हे एक कारण. लांब बाहीचा सदरा घालून ते ओट्यावर बसायचे, मी ताट ठेवून आत यायची. दुसरं कारण मोठं आहे. काट्यावर त्यांचं वजन तेवढंच भरत होतं.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं दगावली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आमच्या दोन तालुक्यांचं नाव कुपोषणाला चिकटलं ते चिकटलंच. काटे आले, पट्ट्या आल्या, गरोदर बायांसाठी अमृत आहार आला, मुलांना अंडी-केळी आली. हे सगळं हवंच होतं. पण या सगळ्यांत माझी नजर पाच वर्षांखालच्या लेकरावर आणि गरोदर बाईवर इतकी बांधली गेली, की पासष्टीचा माणूसही कुपोषित होतो हे मनातच आलं नाही. काट्याचा आकडा वर गेला की बरं वाटायचं, एवढंच मी शिकले होते.

बाबांनी जन्मभर भात, नागली, वरई केली आणि दिवाळी झाली की भिवंडीकडं वीटभट्टीवर जगायला गेले. अंग दुखायचं तेव्हा दुखण्याच्या गोळ्या घ्यायचे, सीझनभर, रोज. रक्तदाब कधी कुणी तपासलाच नव्हता. पुढं डॉक्टर म्हणाले की किडन्या कशानं गेल्या ते आता नेमकं सांगता येणार नाही, दोन्हीचा हात असणार.

भादव्यात पाय सुजले. पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं एक छापील कागद हातात दिला. डाळ बंद, अंडी बंद, मटण-मासळी बंद, दूध बंद, केळी बंद, पनीर बंद. पनीर आमच्या पाड्यावर कुणी चाखलेलंही नव्हतं. जे होतं ते मात्र सगळंच त्या यादीत होतं. कागद चुलीजवळच्या कुडाला लावला. घरात अक्षर वाचणारी मी, तेव्हा त्या कागदाची राखणही माझ्याकडं. शेजारणीनं नदीतली मुऱ्या मासळी आणून दिली तर मी परत पाठवली. आपल्या कोंबड्यांची अंडी बाजारात विकली. बाबांच्या ताटात भात, पातळ पेज, एखादी भाकरी आणि भाजी.

मार्गशीर्षात डायलिसिस सुरू झालं, नाशिकला, आठवड्यातून दोनदा. पैसे सरकारी योजनेत बसले, पण रस्ता काही योजनेत बसत नाही. पहाटेच्या अंधारात निघायचं, तोरंगणचा घाट, त्र्यंबक, नाशिक, आणि रात्री परत. मशीनवर चार तास. एका खेपेला त्या मशीनला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं असं तिथल्या मुलानं सांगितलं, तेव्हा मला उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर लागणाऱ्या हंड्यांच्या रांगा आठवल्या.

पहिल्या काही खेपांत पाणी निघून वजन ४९ वरून ४० वर आलं. तेव्हा ‘सुकं वजन’ हा शब्द कळला. अंगात जादा पाणी नसताना जे भरतं ते सुकं वजन, आणि ते ४० धरलं गेलं. पुढचे चार महिने आकडा त्याच्या आसपासच राहिला. शिवाय किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन सातावरून पाचावर आलं. मी रिपोर्टची घडी घालून घरी सांगितलं, गुण येतोय.

बाबा मात्र म्हणायचे, “हातात जोर नाय गं.” धोतर पिळताना पाणी निथळायचं नाही. हातातलं चांदीचं कडं मनगटावरून सरकत सरकत कोपराशी जाऊन बसायचं. मला वाटायचं, म्हातारपण आहे, आजार आहे, असं व्हायचंच.

चैत्रात तिथं एक आहारतज्ज्ञ ताई भेटल्या. त्यांनी रिपोर्ट नंतर बघितला. आधी बाबांना बाही वर करायला लावली. दंड बघितला, हाताच्या पंजात अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा बघितला, कानशिलं बघितली. मग पिशवीतून शिंप्याची टेप काढली. दंडघेर १९ सेंटिमीटर. मी उभ्या उभ्या गार पडले. बाबांचा दंड उघडा बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. कातडीची घडी लोंबत होती. खाली पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडत होता.

ताईंनी सांगितलेलं मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. काट्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. मांस दोन किलो गेलं आणि पाणी दोन किलो साठलं, तर आकडा तोच. म्हणजे बाबांचं खरं सुकं वजन ४० राहिलंच नव्हतं. पुढं डॉक्टरांनी ते हळूहळू ३८ वर आणलं तेव्हा पायांची सूज उतरली आणि रात्रीचा दमही कमी झाला. क्रिएटिनिनचं तर त्याहून वाईट. ते आपल्या स्नायूंमध्येच तयार होतं. डायलिसिसवरच्या माणसाचं ते आपोआप उतरायला लागलं, तर किडनी सुधारली म्हणून आनंद करायचा नाही, स्नायू आटतायत का ते आधी बघायचं. ज्या दोन आकड्यांवर मी समाधानी होते, ते दोन्ही बाबांचं मांस झडल्याचे होते.

आणि तो कागद. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं मोजून कमी द्यायची असतात, तीसुद्धा उपाशी न ठेवता. मशीन सुरू झालं की हिशेब उलटतो. एका खेपेत रक्तातून सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं मशीनच्या पाण्यात निघून जातात. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. बाबांना साधारण ४० ते ४८ ग्रॅम. त्यांच्या ताटाचा मी हिशेब केला तर वीसही भरेनात. कागद त्या वेळेपुरता होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि मशीन सुरू झाल्यावरही चार महिने मी तो पाळत राहिले. मी पोरांच्या आयांना ‘चारा, दिवसातून पाच वेळा चारा’ म्हणून दारोदार फिरते. त्याच हातांनी मी बाबांच्या ताटातलं काढून घेत होते. याचं दुःख अजून जात नाही.

ताईंनी नवा कागद छापील दिला नाही. आमच्या घरात काय असतं ते विचारलं आणि त्यातूनच बेत बसवला. रोज दोन-तीन अंड्यांचं पांढरं, कारण पिवळ्यात फॉस्फरस जास्त. एक वाटी डाळ. नदीची ताजी मासळी मिळाली तर जरूर. पावसाळ्यात ताजं काही नसतं तेव्हा सुके बोंबील, पण गरम पाण्यात दोनदा भिजवून, पाणी फेकून, कारण मीठ पोटात गेलं की तहान लागते आणि तहान लागली की पुन्हा अंगात पाणी साठतं. नागली पूर्ण बंद नाही, एक भाकरी चालेल, बाकी भात. वरून तेल जरा सढळ, कारण पोट अर्धं राहिलं तर शरीर खाल्लेली प्रथिनंसुद्धा सरपणासारखी जाळतं.

भाजीचं ऐकून सासूबाई बोलल्या. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, असं ताईंनी सांगितलं होतं. आई म्हणाल्या, “लोत आन्‌ शेवळी आपण दुसरं काय करतो?” खरंच, घशाला खवखवू नये म्हणून आमच्याकडं त्या भाज्या पाणी टाकूनच होतात. त्या दिवसापासून बाबांचं जेवण आईंनी परत आपल्या ताब्यात घेतलं. कुडावरचा कागद त्यांनीच काढला आणि चुलीत घातला.

तोंडाला चव येण्यात मात्र फार दिवस गेले. अंड्याचं पांढरं बाबांना नकोसं व्हायचं. ओकारी यायची. मशीनवरून आलेल्या दिवशी घास उतरायचा नाही. कधी मी चिडले, कधी आई रडल्या. दोनदा संसर्ग झाला आणि महिन्याभरात कमावलेलं आठ दिवसांत गेलं. हे सरळ चढत जाणारं काम नाही.

दंड मोजायचं काम माझ्या मुलाकडं दिलं. सुनेनं मोजण्यापेक्षा नातवानं मोजलेलं बाबांना बरं वाटतं. डायलिसिसहून आल्यावर, ज्या हातात डायलिसिससाठी केलेला फिस्टुला नाही त्या हाताचा, महिन्यातून एकदा. तो माझ्या जुन्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहितो. १९. १९. १९.३. मग संसर्ग, १८.८. मग १९.६. दिवाळीला २०. माघात २०.४.

आता मी गृहभेटीला गेले की पोराचा दंड मोजून झाल्यावर म्हाताऱ्यांच्या पायाकडं आणि हाताकडंही बघते. नाशिकच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती ती डोक्यातून जात नाही. जो माणूस मुळातच सुकलेला आहे त्याच्या अंगात क्रिएटिनिन कमीच तयार होतं, तेव्हा किडनी बिघडली तरी रिपोर्ट कागदावर बराच वेळ ठीक दिसू शकतो. आमच्याकडं सुकलेली माणसं किती आहेत ते मला ठाऊक आहे. म्हणून पाय सुजलेला, लघवीला फेस येणारा, भट्टीवर गोळ्या खाणारा कुणी दिसला तर नुसत्या एका आकड्यावर मी त्याला सोडत नाही. रक्तदाब बघून घ्या, लघवी तपासून घ्या, म्हणून मागं लागते.

बाबा तरणे असताना आमच्या गावच्या बोहाड्यात रावणाचं सोंग घ्यायचे. तो जड मुखवटा लावून रात्रभर संबळावर नाचायचे, असं आई सांगतात. गेल्या वर्षी ते बाजेवरून उठले नव्हते. यंदा होळीनंतर बोहाडा बसला तेव्हा म्हणाले, मला नेऊन बसवा. सोंग पुतण्याचं होतं. मुखवटा बांधताना मागची गाठ सारखी सैल पडत होती. बाबांनी पोराला खाली बसवलं, दोन्ही टोकं हातात घेतली, दात आवळले आणि गाठ ओढली. कडं मनगटापासून चार बोटं वर अडलं होतं.

“लई घट्ट झाली,” आतून पुतण्या ओरडला.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती. संबळ वाजत असतानाच मी घरी आले आणि पहाटेच्या डब्यासाठी अंडी उकडायला ठेवली.