पायातली वहाण

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला सुमारे १५० मैल गेले की विलोज नावाचे गाव लागते. भोवती भातखाचरे, बदामाच्या बागा आणि उन्हाने पिवळ्या पडलेल्या टेकड्या. त्या टेकड्यांत १९९३ पासून थंडरहिल नावाचा मोटारशर्यतीचा मार्ग आहे. फेर ३ मैलांचा, वळणे १५. मी तिथे गेलो तो निव्वळ भाच्याच्या आग्रहाने.

शर्यतीचे नाव 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्सातल्या ल मांच्या प्रसिद्ध शर्यतीवरची ही कोटी, कारण अमेरिकेत रद्दड मोटारीला 'लिंबू' म्हणतात! २००६ साली सुरू झालेल्या या हौशी खेळात मोटार ५०० डॉलरांच्या आतली असावी असा दंडक. टायर मात्र त्या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे भाच्याच्या मोटारीपेक्षा तिचे टायर महाग. पायातली वहाण पायातच बरी असे आपण म्हणतो. इथे ती डोक्यावर चढून बसलेली!

"मामा, सगळे त्या वहाणेवरच आहे," तो म्हणाला.

मऊ रबर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत रुतून पकड घेते, पण लौकर झिजते. कठीण रबर टिकते, पण वळणावर घसरते. तिकडे टायरच्या अंगावर झिजेचा अंक छापलेला असतो. टेक्सासच्या रस्त्यांवर ७,२०० मैल पळवून तो प्रमाण-टायरशी ताडतात. २०० म्हणजे १०० च्या दुप्पट टिकाऊ. पण अंक ठरवणारा खुद्द कारखानदारच! परीक्षार्थ्याने आपले गुण आपणच मांडावेत, हे माझ्यातल्या मास्तराला रुचले नाही.

भाच्याने आपले गणित मांडले होते. मऊ टायरांनी फेरीमागे २ सेकंद वाचतात. तासाला २५ फेऱ्या धरल्या तर १४ तासांत जवळजवळ १२ मिनिटे. टायर बदलायला थांबले की १० मिनिटे जातात. म्हणजे एक बदल परवडतो, दुसरा नाही. त्याने मऊ टायर घेतले.

शनिवार निभावला. रविवारी सकाळी ठरलेला बदलही झाला. दुपारी मात्र रस्ता तापला आणि झीज वाढली. दुसरे वळण डावीकडे लांबलचक, त्यामुळे भार सारा उजव्या अंगावर. त्यात मोटार पुढच्या चाकांनी ओढणारी. ओढायचे, वळवायचे, थांबवायचे, सारे ओझे उजव्या पुढच्या चाकावर.

४० मिनिटे उरली असता मोटार पेट्रोलसाठी आली. भाच्याने वाकून त्या टायरच्या कडेवरून बोट फिरवले. रबराखालचे धागे दिसत होते. त्याचा मित्र हेल्मेट चढवून तयार होता.

"एवढी ४० मिनिटे निघतील रे," मित्र म्हणाला.

पहिल्या विसांत नंबर प्रथमच दिसत होता. भाच्याने मित्राकडे पाहिले.

"जॅक आण," तो म्हणाला.

कठीण रबराचे जुने टायर चढले. ९ मिनिटे गेली. नंबर २७ वा आला.

"पुढच्या वेळी प्रत्येक थांब्याला झीज मोजायची," एवढेच तो परतताना बोलला.

रात्री बहिणीचा पुण्याहून फोन आला. "कितवा आला?" तिने विचारले.

"त्याने टायर बदलला," मी म्हणालो. तिला काहीच उमगले नाही. मीही उलगडून सांगितले नाही.