ॲव्हरेज काय देते?

गेल्या महिन्यात जुनी गाडी बघायला गेलो होतो. आमच्या बार्शीत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे तीन-चार एजंट आहेत, त्यातल्या ओळखीच्याकडे. बजेट तीन लाखांच्या आत. पत्रकाराचं बजेट म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. त्याने २०१५-१६ च्या चार मारुती दाखवल्या. मी विचारलं, "एअरबॅग किती आहेत?"

एजंट हसला. म्हणाला, "पत्रकार साहेब, गाडी चालवायला घेताय का ठोकायला?"

तिथे उभे असलेले सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९९८ साली सेकंडहँड मारुती ८०० घेतली. पांढरी, ८० हजारांना. अण्णा पोस्टात क्लार्क होते. आमच्या गल्लीतली ती पहिली चारचाकी. गाडी आल्या दिवशी आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि शेजारच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज काय देते?" त्या गाडीत आम्ही सातजण तुळजापूरला गेलो होतो. मी बहिणीला मांडीवर घेऊन पुढे बसलो होतो. बेल्ट होता, पण तो पोलीस दिसल्यावर खांद्यावरून नुसता ओढून धरायचा असतो अशी आमची समजूत होती.

त्या गाडीबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही. बारा वर्षं चालली. एकदाही रस्त्यात सोडून यावी लागली नाही. प्लग साफ करणं, फॅन बेल्ट बदलणं अण्णा स्वतः करायचे. कुठल्याही खेड्यात मिस्त्री भेटायचा आणि त्याच्याकडे पार्ट असायचा. आजही कुणाही मारुतीवाल्याला विचारा, याच तीन गोष्टी सांगेल: ॲव्हरेज, पार्ट आणि रिसेल. "विकायला काढली की संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात." आणि चौथं वाक्य जरा खालच्या आवाजात: "पत्रा तेवढा पातळ आहे."

या चौथ्या वाक्याचा इतिहास बघू.

सुझुकी कंपनी सुरू झाली ती मागाच्या कारखान्यातून. जपानमधल्या हमामात्सु गावात मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली विणकामाचे माग बनवायला सुरुवात केली. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला माग म्हणजे काय हे सांगायला नको. महायुद्धानंतर हा धंदा डळमळला. १९५२ मध्ये कंपनीने सायकलला बसवायचं छोटं ३६ सीसीचं इंजिन काढलं. १९५५ मध्ये सुझुलाइट नावाची ३६० सीसीची चिमुकली मोटार आली. जपानी सरकारने ठराविक आकाराच्या आणि ठराविक सीसीच्या छोट्या गाड्यांना सवलती ठेवल्या होत्या. सुझुकी त्या चौकटीत वाढली.

१९७८ मध्ये ओसामु सुझुकी अध्यक्ष झाले. मूळचे मात्सुदा, सुझुकी घराण्यात लग्न झाल्यावर सासरचं आडनाव घेतलं. पै न् पै वाचवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. पुढच्याच वर्षी त्यांनी अल्टो आणली, ४ लाख ७० हजार येनला. गंमत अशी की ती जपानमध्ये प्रवासी गाडी म्हणून नव्हे, मालवाहू गाडी म्हणून नोंदवली होती, कारण मालवाहू गाडीला कर कमी. मागची सीट अगदी नावापुरती. कर वाचला, किंमत उतरली, गाडी तुफान खपली. कंपनीचं एक ब्रीदच आहे, पाच जपानी अक्षरांचं: लहान, कमी, हलकं, आखूड, सुंदर.

त्या पाचात 'मजबूत' नाही. हा टोमणा नाही. ज्या धंद्यात ग्रॅम-ग्रॅम वजन आणि येन-येन खर्च कापायचा असतो, तिथलं ब्रीद असंच असणार.

आपल्याकडची कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. संजय गांधींची मूळची मारुती कंपनी लोकांसाठी गाडी काढू शकली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये सरकारी मारुती उद्योग स्थापन झाली आणि परदेशी भागीदाराचा शोध सुरू झाला. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, सुरुवातीला २६ टक्के हिस्सा. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला चावी मिळाली. किंमत ५० हजार रुपयांच्या आसपास. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तोवर आपल्याकडे चारचाकी म्हणजे अॅम्बेसेडर नाहीतर फियाट, आणि त्यासाठीही वर्षानुवर्षं नंबर लावायचा.

त्या कारखान्यात साहेब आणि कामगार एकाच रंगाच्या गणवेशात, एकाच कँटीनमध्ये जेवणार, अशी जपानी पद्धत आली. १९८४ मध्ये ओम्नी आली. शाळेची व्हॅन, किराणा पोहोचवणं, दवाखान्याची ॲम्ब्युलन्स, सगळं तिनेच केलं. जिप्सी पोलिसांकडे आणि लष्करात गेली. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तोवर आपल्याकडे २५ लाखांहून जास्त ८०० विकल्या गेल्या होत्या. सरकार २००७ मध्ये पूर्ण बाहेर पडलं. ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ ला गेले आणि महिन्याभरात त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. एका जपानी उद्योजकाला आपण हा मान दिला, आणि माझ्या मते तो योग्यच होता. अण्णांसारख्या पोस्टातल्या क्लार्कला चारचाकीत बसवणं ही लहान गोष्ट नाही.

आता मुद्द्यावर येतो.

जपानमध्ये कर वाचवायला अल्टोची मागची सीट लहान झाली. आपल्याकडे २००६ मध्ये चार मीटरपेक्षा आखूड गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, तर २०१२ मध्ये नवी डिझायर आली ती डिकी कापून, ३९९५ मिलिमीटरची. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी! म्हणजे कायदा आणि गिऱ्हाईक जे मोजतं, त्या मापात कंपनी तंतोतंत गाडी बसवते. पाच मिलिमीटरचाही हिशेब चुकत नाही.

मग २०१४ मध्ये काय झालं? ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या. जानेवारीत पाच कंपन्यांच्या पाच गाड्या, त्यात अल्टो ८००. पाचही गाड्यांना शून्य स्टार. नोव्हेंबरमध्ये स्विफ्टलाही शून्य. तीच स्विफ्ट युरोपात एअरबॅगसकट मिळत होती. आपल्या मूळ मॉडेलमध्ये एकही नव्हती. कारण तिथला कायदा आणि तिथलं गिऱ्हाईक ते मागत होतं. आपण मागत होतो ॲव्हरेज. आणि ॲव्हरेज आपल्याला जगात भारी मिळालं.

एकट्या मारुतीला धोपटायचं तर बाकीच्या चार कंपन्याही तेव्हा शून्यावरच होत्या, हे विसरून चालणार नाही. आणि मी जे आता सांगणार आहे, त्यात मी स्वतःच आरोपी आहे.

२०११ सालची गोष्ट. कुर्डुवाडी रस्त्यावर एक छोटी गाडी आणि ऊस वाहणारा ट्रॅक्टर असा अपघात झाला. गाडी कुठल्या कंपनीची हे सांगत नाही, तेव्हा त्या किमतीतल्या सगळ्या सारख्याच होत्या. चालवणारे प्राथमिक शिक्षक जागेवर गेले. मी नेहमीसारखी आठ ओळींची बातमी दिली: 'भरधाव वेगातील कारवरील चालकाचे नियंत्रण सुटल्याने...' पुढचं तुम्हाला पाठच असेल.

पंधरा दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ कार्यालयात आले. धोतर, टोपी, हातात कात्रण. म्हणाले, "ही तुमीच लिवलंय नव्हं?" मी हो म्हणालो. "माझं पोरगं चाळीसच्या वर कधी गेलं न्हाई. त्याच्या बायकोला मागं बसून भ्या वाटायचं म्हणून. मग ही भरधाव तुमी कुठनं आणलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरधाव मी कुठूनही आणलं नव्हतं. ते हाताला वळण पडल्यासारखं आपोआप आलं होतं. पंचनाम्यात वेगाचा शब्दही नव्हता. मी घटनास्थळी गेलो होतो, फोटो काढले होते, पण गाडीच्या आत डोकावलो नव्हतो. बेल्ट लावला होता का, स्टेअरिंग छातीत घुसलं होतं का, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर होता का, काही पाहिलं नव्हतं. पत्रकारितेची पदविका घेताना 'पाच डब्ल्यू' पाठ केले होते. त्यातला 'का' मी वीस वर्षं एकाच शब्दात भागवला. भरधाव.

मी त्यांना दुरुस्ती छापतो म्हणालो. ते म्हणाले, "आता काय उपेग." आणि गेले. दुरुस्ती मी छापली नाही. छोट्या जागेत बसत नव्हती, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

चूक कायम चालकाची लिहिली की सगळे सुटतात. रस्ता बांधणारा सुटतो, रिफ्लेक्टर न लावणारा सुटतो, गाडी बनवणारा सुटतो, नियम न करणारा सुटतो. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. कधीतरी त्याचा बाप येतो.

नंतर नियम आले, पण सावकाश. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची त्यानंतर दोनेक वर्षांनी. सहा एअरबॅगची सक्ती करण्याचा मसुदा आपल्या नितीन गडकरींच्या खात्याने २०२२ मध्ये काढला. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांचं म्हणणं होतं की यामुळे छोट्या गाड्या गरिबाच्या हातातून जातील. त्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. गाडी परवडली नाही तर माणूस तिघांना घेऊन मोटारसायकलवर जातो, आणि ते जास्त धोक्याचं. सक्ती वर्षभर पुढे गेली आणि २०२३ मध्ये गडकरींनीच सांगितलं की सक्ती करणार नाही. त्याच वर्षी एनकॅपमध्ये अल्टो के१० ला दोन आणि वॅगन आरला एक स्टार मिळाला.

पण लोक विचारू लागले होते. दुसऱ्या कंपन्या पाच स्टारच्या जाहिराती करू लागल्या होत्या. शोरूममध्ये पोरं मोबाईलवर धडकेचे व्हिडिओ दाखवू लागली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच स्टार मिळाले. २०२५ मध्ये अल्टो, वॅगन आर, अगदी ईकोमध्येही सहा एअरबॅग आल्या. सहाची सक्ती नसताना! सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा वाढलेली किंमतही बरीचशी भरून निघाली. म्हणजे तीच कंपनी, तेच 'हलकं आणि आखूड', पण प्रश्न बदलला तर उत्तरही बदललं. जमत नव्हतं असं नव्हतं.

मात्र हे सगळं नव्या गाडीचं. आमच्यासारखी तालुक्याची माणसं नवी गाडी घेत नाहीत. पुण्या-मुंबईवाल्याने वापरून काढलेली २०१३, २०१५, २०१७ ची घेतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत एकही एअरबॅग नाही. शहरातल्या माणसाला आज पाच स्टार मिळाले, आमच्या रस्त्यावर मात्र अजून शून्याचीच वरात चालू आहे, आणि दहा वर्षं चालेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुनी घ्यायची असेल तर जुलै २०१९ नंतरची बघा. त्याआधीची असेल तर एअरबॅग असलेलं वरचं मॉडेल शोधा, मिळतं. २०-३० हजार जास्त जातील. आमच्या मिस्त्रीच्या भाषेत, गाडीचं तोंड चेमटलं तरी चालेल, माणसं बसतात ती खोली चेमटता कामा नये. त्यामुळे पत्रा बोटाने दाबून बघू नका, त्याने काही कळत नाही. आणि बेल्टाशिवाय एअरबॅगचा उपयोग नाही, उलट इजा होऊ शकते.

मागच्यांनीसुद्धा. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे साहेब गेले, ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर. दोन्ही वेळा मागच्या बेल्टची चर्चा आठ दिवस झाली आणि विरली.

मी अजून गाडी घेतलेली नाही. थोरली पुण्यात शिकते, सुट्टीत आली की गाडी तीच चालवणार. एजंटला सांगून ठेवलंय, २०१९ च्या पुढची आली की फोन कर, बजेट थोडं ओढतो. काल त्याच्याकडच्या एका स्विफ्टमध्ये मागे बसलो आणि बेल्ट लावायला गेलो, तर बेल्ट होता, पण खटका सापडेना. नवं सीट कव्हर चढवताना खाली दाबला गेला होता. हात घालून दोघांनी मिळून वर काढला. वर धूळ आणि शेंगांची टरफलं.

आज घरी गेल्यावर तुमच्या गाडीत मागचा खटका सापडतो का बघा. नसेल सापडत, तर कव्हर फाडा.