'बोल' आणि 'बोलू नको'

स्पॅनिश शिकताना आज्ञेचा नकार जाचक वाटतो. 'आब्ला' म्हणजे बोल. पण नकारात 'नो आब्ला' चालत नाही, 'नो आब्लेस' म्हणावे लागते. इथे नागपूरच्या बेसा परिसरात सतत कानावर पडणारी हिंदी 'बोल'ला नुसते 'मत' जोडून मोकळी होते, म्हणून हा बदल आणखी विचित्र भासतो. मराठी मात्र 'बोल'चे 'बोलू' करतेच; नागपुरी तोंडीही 'नको बोलू' येते, 'नको बोल' नाही. कुणी म्हणेल, मराठीत एकवचन-अनेकवचनाचा भार 'नको-नका' उचलतात, स्पॅनिशमध्ये क्रियापदच बदलते. खरे आहे. म्हणून 'नो आब्लेस'ला 'बोलू नयेस' अधिक जवळचे: 'आब्लेस' हे रूप मुळात आज्ञार्थाचे नाही, इच्छा-अपेक्षा सांगणाऱ्या अर्थाचे आहे. आदरार्थी 'आब्ले' होकारात आणि नकारात सारखेच राहते, कारण तेही तिथूनच घेतलेले. तेव्हा नकाराला अपवाद मानण्यापेक्षा सलगीतल्या होकारालाच वेगळे मानावे. पाठांतर निम्मे होते.