माणशी एक किलो

गिरणगावात उन्हाळा संपत आला हे सगळ्यात आधी नाकाला कळायचं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लालबागच्या मसाला गल्लीतले कांडपाचे डंख सकाळपासून धडधडत असत. वारा त्या बाजूने फिरला की भारतमाता सिनेमाच्या स्टॉपवर बसची वाट बघणारी माणसं एकामागून एक शिंकायला लागत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. आभाळात ढगाचा पत्ता नाही, डांबर चपलेला चिकटतंय, पण घराघरांत घाई सुटलेली. सात जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याच्या आत मसाला बरणीत गेला पाहिजे.

आमच्याकडे ती घाई थोरल्या काकीच्या हातात होती. परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तिच्यात पोटमाळा, दाराबाहेर सामाईक गॅलरी, आणि माणसं सतरा. आजी, चौघे भाऊ, तिघांच्या बायका, आम्ही पोरं, नवऱ्यामागे माहेरी आलेली आते, आणि गिरणीत बदलीवर लागलेले गावचे दोन पुतणे. बीडीडी चाळींतल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. आमची त्याहूनही तोकडी. एवढ्या माणसांचं वर्षाचं तिखट काकी एकाच हिशेबावर करायची, माणशी एक किलो. पाळण्यातलं मूलसुद्धा त्या हिशेबात धरलेलं. कुणी हसलं की म्हणायची, ‘‘ता काय वर्षभर पाळण्यातच ऱ्हाणार हाय?’’

बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंडं. चाळीच्या गच्चीवर प्रत्येक घराची जागा ठरलेली. जुन्या लुगड्यांवर मिरच्या पसरायच्या आणि एखादं पोर राखणीला बसवायचं. (गिरगावातल्या वाड्यांमध्ये याच दिवसांत कुरडया, पापड आणि साखरांबा चालायचा. तिथल्या पोरांना राखण करताना निदान पापडाची लाटी खायला मिळायची. आम्हाला मिरच्यांतलं काय मिळणार!) भाजण्याचं काम खोलीतच. तिसऱ्या पाळीचे काका रात्रभर जागून आलेले, भिंतीकडे तोंड करून झोपलेले असत. त्यांना आधी उठवून गॅलरीत काढायचं. ते डोळे न उघडताच वळकटी बगलेत घेऊन बाहेर जात. मग काकी तोंडाला पदर बांधायची आणि लोखंडी कढई चढवायची.

डंखावर ती रांगेत स्वतः उभी राही. आपल्या मिरच्यांत पुढच्या बाईच्या मिरच्यांचा चुरा येऊ नये म्हणून नजर हलवत नसे. परतताना तिच्या पापण्यासुद्धा लाल झालेल्या असत.

पण खरं बघण्यासारखं असे ते बरणी भरणं. चिनी मातीची ती बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात उपडी घातलेली. मसाला पूर्ण गार झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मग काकी मांडी घालून बसायची, बरणी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. एक मूठ आत सोडायची आणि वरून मुठीनेच दाबायची. पुन्हा एक मूठ, पुन्हा दाब. बोटांच्या पेरांचे खळगे मसाल्यावर उमटत आणि पुढच्या मुठीखाली बुजत. आत हवा राहिली तर मसाला खराब होतो, म्हणून घाई नाही. मधूनमधून हिंगाचा खडा. गळ्यापर्यंत भरली की वर दादरा बांधायची, नाडीला दोन गाठी. त्या रात्री तिचा उजवा हात कोपरापर्यंत पेटलेला असे. खोबरेल लावून तो अंगापासून लांब, जमिनीवर उताणा टाकून ती झोपायची. आम्ही तो हात ओलांडून मोरीकडे जात असू.

बाकीची तयारीही असे. सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवायचे, कारण आता नारळी पौर्णिमेपर्यंत ताजं म्हावरं जेमतेमच. रेशनचं रॉकेल. मोडक्या काड्यांच्या छत्र्या घेऊन दुरुस्तीवाल्याकडे बसायचं. शाळेच्या पुस्तकांची वाटणीही तेव्हाच. 1967 साली बालभारती निघाली आणि तेव्हापासून आमच्या घरात पुस्तकं माळ्यावरून उतरणाऱ्या पाण्यासारखी वरच्याकडून खालच्याकडे येत राहिली. मोठ्या दादाचं नाव खोडून ताईचं, तिचं खोडून माझं. अभ्यासक्रम बदलला की घरात सुतक.

गावाला गेलेली माणसं याच दिवसांत परतायची. राजापूरहून रातराणीने निघायचं, कशेडी घाटात कुणीतरी ओकायचं, आणि सकाळी परळला एसटी थांबली की टपावरून पोती उतरायची. तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, काजूच्या बिया, एक फणस हमखास. आजीच्या वेळी हाच प्रवास बोटीने, भाऊच्या धक्क्यापर्यंत. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याच्या बोटी बंद होत, त्यामुळे तेव्हा शेवटची बोट चुकणं म्हणजे चार महिने तिकडेच. रस्ता झाला, एसटी आली, तरी आजीची धास्ती गेली नाही. जूनची एक तारीख उजाडली की ती माणसं मोजायला लागे. ‘‘कोन कोन येवचा हाय अजून?’’

शेवटचे आंबे या पोत्यांतून यायचे. पाऊस पडला की आंब्यात अळी होते, म्हणून ते संपवायचीही घाई. वाटणी काकी करायची, आणि ती कधी समान नसे. कापलेल्या आंब्याच्या फोडी मोजून मिळत, तिथे कुणाला एक कमी नाही, एक जास्त नाही. पण बाठा तिच्या मर्जीचा. सातवीत नापास झालेल्या चुलतभावाला त्या वर्षी जो बाठा मिळाला त्याला इतका गर ठेवला होता, की ती जवळजवळ तिसरी फोडच होती. कुणी काही बोललं नाही. तो गॅलरीच्या कठड्याला टेकून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर चोखत बसला. तापातून उठलेल्याला बाठा, मार खाल्लेल्याला बाठा, आणि एकदा, कारण मला आजवर कळलं नाही, धाकट्या काकांना. तेव्हा ते बत्तीस-तेहतीस वर्षांचे असतील. मोठी माणसं बाठा चोखताना किती लहान दिसतात.

आणि मग ती रात्र यायची.

उन्हाळाभर आमचं घर बाहेर सांडलेलं असे. पुरुष गॅलरीत, मोठी मुलं गच्चीवर, पुतणे खाली फुटपाथवर खाट टाकून. आत फक्त बायका आणि लहान पोरं. त्या चार महिन्यांत सतरा माणसं एका खोलीची आहेत हे विसरून जायला होई. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी, बहुधा दीड-दोनच्या सुमारास, पत्र्यावर चार थेंब टपटपत. गच्चीवरून पावलं धडधडत खाली येत. गॅलरीभर वळकट्या गुंडाळल्याचे आवाज, कुणाच्या तरी पितळी तांब्याचं घरंगळणं, आणि सगळी चाळ एकदम आपापल्या दारांतून आत शिरायची. अंगाला ओल्या धुळीचा वास, उशा भिजलेल्या. दिवा लावायचा नाही, पोरं उठतील. काकी अंधारातच जागा लावायची. ‘‘तू कुशीवर हो. पाय पोटाशी घे रे. सरका जरा, पोरीस पाठ टेकू दे.’’ तिला प्रत्येकाची लांबी-रुंदी ठाऊक होती. मोरीच्या उंबऱ्याला डोकं कुणी लावायचं, पोटमाळ्याच्या शिडीखाली कोण मावतो, कुणाच्या शेजारी कुणाला झोपवायचं नाही. आठवड्यापूर्वी भांडलेल्या दोन जावांच्या मध्ये आतेला टाकायची. शेवटी स्वतः दाराशी बसून राहायची, कारण आडवं व्हायला तिच्यापुरती जागाच उरत नसे. बाहेर पागोळ्या गळत असत आणि आत सतरा जणांचा श्वास. एकाने कूस बदलली की रांगेतल्या सगळ्यांना बदलावी लागे.

चाळीच्या आठवणी काढून डोळे पुसणाऱ्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं, तुमच्या घरी पाणी कोण भरायचं? नळ पहाटे चारला यायचा. त्या दाराशी बसलेल्या बाईला दोन तासांनी हंडा घेऊन खाली जायचं असे, जागा पटकावायला. सामाईक संडासाची रांग, ओले न वाळणारे कपडे, हिंदमाताला पाणी तुंबलं की पाळीवरून चालत येणारी माणसं आणि त्यांचं गरम करून ठेवलेलं जेवण. या सगळ्याचं जे काही गोड वाटतं ते आम्हा पोरांना. माझ्या आईने चाळ सोडली तेव्हा मागे वळून पाहिलं नाही, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. मात्र काकीचं तसं नव्हतं. ती त्या घराने दमलीही आणि त्या घरावाचून तिला करमलंही नाही. या दोन्ही गोष्टी एका बाईत नांदू शकतात.

1982 च्या 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पहिले दोन-तीन महिने चाळीत उत्साह होता, मोर्चे होते, सगळे घरात असल्याने पत्त्यांचे डावही होते. भोंगे बंद पडल्यावर किती वाजले हे आजीला कळेनासं झालं. उन्हाळा आला तेव्हा पैसे संपले होते. गावाला जाऊन निदान भात तरी मिळेल म्हणून त्या मे महिन्यात नेहमीपेक्षा जास्त माणसं एसटीत चढली. दोन काका, त्यांच्या घरची मंडळी, पुतणे.

जून लागला. आजीने मोजायला सुरुवात केली. परळला गाडी लागायची आणि दुसऱ्यांची माणसं उतरायची.

मसाला काकीने त्या वर्षीही केला. मंगळसूत्रातल्या दोन वाट्या कुठे गेल्या ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. केला तो सतरा किलोच. काकांनी विचारलं, ‘‘एवढा कुणाला?’’ ती म्हणाली, ‘‘येतील की.’’ आणि बरणी दाबून भरत राहिली. पहिल्या पावसाच्या रात्री आत यायला गॅलरीत चारच जण होते. काकीने सवयीने अंधारात सगळ्यांना कुशीवर केलं, पाय पोटाशी घ्यायला लावले, आणि मग मधेच तिला कळलं की जमीन उरली आहे. फरशीचा एक मोकळा चौकोन, सतरंजी नसलेला. मी त्यावर पाठ टेकून, हातपाय पसरून झोपले. फार छान वाटलं. काकीही त्या रात्री आडवी झाली, पण झोपली नसावी.

तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, असं सांगतात. आमचं घरही तसंच. ते कधी मोडलं याची तारीख कुणाला देता येणार नाही. एक काका गावी भातशेतीत रमले. एक नालासोपाऱ्याला, एक बदलापूरला. पुतण्यांपैकी एकाने रिक्षा घेतली. आजी गेली, आते गेली. चाळीच्या जागी टॉवर आला, त्याच्या गच्चीवर जायला कुलूप आहे. कोकण रेल्वे आता राजापूर रोडपर्यंत नेते, पण मे महिन्याच्या तिकिटासाठी चार जणांनी चार ठिकाणी मोबाइल धरून बसावं लागतं, आणि तरी सगळे एका गाडीत येत नाहीत.

काकी मुलाकडे बदलापूरला राहिली. दोन खोल्या, हॉल, बाल्कनीला जाळी. पाऊस आला तर खिडकी लावायची, बस्स. कुणाला उठायला लागत नाही. तरी मे उजाडला की ती लोकलने दादरला यायची, स्लो पकडून करी रोडला उतरायची, आणि लालबागला डंखाच्या रांगेत उभी राहायची. पिशवी उचलायला मुलगा बरोबर. बदलापूरला कांडप मिळतं, तयार पाकिटंही मिळतात, असं सुनेने सांगून पाहिलं. काकी ऐकून घ्यायची. हिशेब तोच, माणशी एक किलो, आणि माणसं मोजायची ती सगळ्यांच्या घरची. पुढे पुढे नातसुना, जावई धरून आकडा सतराच्याही पुढे गेला. प्रत्येकाच्या घरी पिशवी पोचायची, पावसाच्या आधी. पिशवीवर खडूने नाव लिहिलेलं असे आणि त्यातली काही नावं पावसाच्या आधीच पुसून गेलेली असत.

शेवटचा मसाला तिने बसून केला. भाजायला सून, दाबायला ती. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली.

तेराव्याला सगळे बदलापूरला जमले. हॉलमध्ये मावलो. जेवणं झाल्यावर विषय निघाला, बरणीत अजून बराच आहे, त्याचं काय? थोरल्या वहिनीने डबे मागवले. हिशेब कुणी सांगायची गरज नव्हती, डोकी मोजली आणि वाटायला बसली. आमच्या धाकट्या वहिनीचं म्हणणं असं, की मोठीने स्वतःचा डबा मुठीने दाबून भरला आणि तिचा सैल सोडला. मोठी म्हणते, डबे एकाच मापाचे होते. त्याला आता काही वर्षं झाली. तो मसाला केव्हाच आमटीत गेला, तरी लग्नकार्यात दोघी भेटल्या की जेवणाच्या पंगतीत हा विषय निघतोच. आमच्यापैकी कुणीही तो मिटवायला जात नाही.