थाळनेरचा किल्लेदार

शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर तीरावर थाळनेर आहे. फारुकी सुलतानांच्या कबरींसाठी अभ्यासक तेथे जातात. पडक्या किल्ल्यापाशी मात्र फारसे कुणी थांबत नाही.

महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांना दिला. थाळनेर त्यातच आले. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौजेसह तेथे पोहोचला, तेव्हा किल्ल्यातून गोळीबार झाला. प्रतिकार केल्यास बंडखोर समजले जाईल, असा इशारा त्याने किल्लेदार तुळशीराम मामाला धाडला. उत्तर आले नाही. तोफांच्या माऱ्यानंतर बाहेरचे दरवाजे हाती आले आणि किल्लेदार स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

अनर्थ घडला तो शेवटच्या दरवाज्याशी. आत अरब शिबंदी होती. बोलणी अर्धवट असतानाच लेफ्टनंट कर्नल मरे काही जणांसह दिंडीतून आत शिरला. अरब तुटून पडले. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले, मरे जखमी झाला. मागून घुसलेल्या फौजेने सुमारे तीनशेंची ती शिबंदी कापून काढली. इंग्रजांनी अरबांच्या कृत्याला विश्वासघात म्हटले. परंतु दारात अचानक सशस्त्र शत्रू दिसल्यावर अरबांना तो स्वसंरक्षणाचाच क्षण वाटला असेल, हे नाकारता येत नाही.

त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिली गेली. तहानंतरचा प्रतिकार म्हणजे बंड, या युक्तिवादात कागदोपत्री तरी थोडे बळ आहे. विश्वासघाताचा आरोप मात्र त्याच्यावर टिकत नाही. दिंडीतली कत्तल झाली तेव्हा तो इंग्रजांच्याच ताब्यात होता! १८१९ मध्ये विजयी सैन्याच्या आभाराचा ठराव ब्रिटिश संसदेत आला, तेव्हा या फाशीवर तेथेही प्रश्न उठले.

त्या काळी लिखित आंतरराष्ट्रीय करार नव्हता. शरण आलेल्यास मारू नये, हे १८९९ च्या हेग नियमांत आले. १९४९ च्या जिनिव्हा करारांचे समान कलम ३ रीतसर न्यायालयाच्या निकालावाचून देहदंड निषिद्ध ठरवते, आणि ते देशांतर्गत संघर्षालाही लागू असल्याने ‘बंडखोर’ या शिक्क्याचा आडोसा उरत नाही.

या कठोरतेमुळे इतर किल्ले सहज हाती आले, असेही समर्थन झाले. त्याच उन्हाळ्यात मालेगावचे अरब जवळजवळ महिनाभर लढले, आणि शरण येण्यापूर्वी त्यांनी लेखी हमी मागितली.