कावळ्याचें नांव

कोकिळेला कवि मिळाले, मोराला सरस्वतीच्या शेजारीं जागा मिळाली, आणि कावळ्याच्या वांट्याला आले ते वैयाकरण. ही वांटणी प्रथमदर्शनीं अन्यायाची वाटते. परंतु ज्या वादांत आमच्या या काळ्या शेजाऱ्याचें नांव गोंवलें गेलें, तो वाद आम्हांस एखाद्या काव्याहून कमी रसाळ वाटत नाहीं. यास्काचार्यांनीं निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायांत 'काक' हा शब्द ध्वनीच्या अनुकरणानें झाला असें सांगितलें आहे, आणि पक्ष्यांच्या नांवांत हा प्रकार पुष्कळ आढळतो, अशी पुस्तीहि जोडली आहे. सामान्य वाचकास हें इतकें उघड वाटतें कीं, याला कोणी हरकत घेईल अशी शंकाहि येऊं नये. पण यास्कांनींच औपमन्यव नांवाच्या आचार्यांचें विरुद्ध मत नमूद केलें आहे. त्यांच्या मतें शब्दांत ध्वनीचें अनुकरण म्हणून मुळीं नसतेंच. काक म्हणजे 'हांकलून देण्यास योग्य' तो. अंगणांत वाळवण राखीत बसलेल्या गृहिणीला विचारलें, तर ती औपमन्यवांनाच कौल देईल!

आम्हीं मात्र यास्कांच्या बाजूचे. बंगालींत काक, गुजरातींत कागडो, हिंदींत कौआ, हीं एका घरचीं भावंडें. त्यांच्या साम्याचें नवल नाहीं. पण तमिळ काक्कै म्हणते, तेलुगु काकि आणि कानडी कागे. यांचें कूळ निराळें. कोणी कोणाचा शब्द उसना घेतला, याचा खल पंडितांनीं खुशाल करावा. पण मलायी भाषेंतला 'गागाक्' कोणाकडून आला म्हणावा? जपानी माणसाच्या कानांनाहि कावळा 'का का' असेंच ओरडतो. कावळा बसायला आणि ताडाचें फळ पडायला एकच गांठ पडली, म्हणजे आपण काकतालीय न्याय म्हणतों; येथें मात्र योगायोगाची गरजच नाहीं, कारण सर्वांचा गुरु एकच आहे. युरोपांत जावें तों या नांवांत 'र' शिरलेला दिसतो. ग्रीक कोराक्स, लॅटिन कोर्वुस, इंग्रजी क्रो. कान निराळे कीं कावळे निराळे? आम्हांस वाटतें, थोडे दोन्ही. तिकडील मोठ्या काळ्या जातींचा आवाज आमच्या राखी मानेच्या गांवकावळ्याहून पुष्कळ घोगरा असतो.

शब्द झिजतात, हा भाषेचा नियम. प्राकृतांत दोन स्वरांमध्यें सांपडलेला 'क' बहुधा लुप्त होई. लोकाचा 'लोअ' झाला, तसा काकाचा 'काअ' झाला. म्हणजे बिचाऱ्याचा कंठच गेला! अशाच झिजेनें लॅटिनांतील चिवचिवणारा 'पिपिओ' फ्रेंचांतून इंग्रजींत येतांना 'पिजन' होऊन बसला. आतां त्या शब्दाला कितीहि कान लावला तरी पांखरूं ऐकूं येत नाहीं. सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाच्या १९१६ सालीं ग्रंथरूपानें निघालेल्या व्याख्यानांत हेंच उदाहरण दिलेलें आहे. आमच्या कावळ्यावर तो प्रसंग आला नाहीं. मराठींत त्याच्या नांवांत 'काव' स्पष्ट ऐकूं येतें. जो रोज पहांटे दारीं येऊन आपलें नांव आपणच सांगतो, त्याचें नांव झिजूं कोण देईल?

मॅक्समुल्लर यांना हे शब्द आवडत नसत. १८६१ सालीं लंडनला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं, अनुकरणांतून भाषा जन्मली या मताची 'भों भों मत' म्हणून थट्टा केली, आणि असे शब्द कागदी फुलांप्रमाणें बिनमुळाचे व वांझ असतात असें ठरविलें. भाषेच्या जन्माविषयीं त्यांचें म्हणणें कदाचित् खरें असेल. वांझपणाविषयीं मात्र आम्हांस तें पटत नाहीं. या एका काकाचा परिवार तरी पहा! लहानग्या रामाच्या कानांवर रुळणारे केस ते काकपक्ष; कोठेंहि कांहीं सुटूं न देणारी ती काकदृष्टि; एकच पद दोन वाक्यांना पुरवावयाचें तर काकाक्षिगोलक न्याय; आणि निष्फळ संशोधनाला नांव काकदंतपरीक्षा. (आमचा हा लेखहि याच शेवटच्या सदरांत घालणारे वाचक निघतील, याची आम्हांस जाणीव आहे.)

पण कोशांत नसलेला एक अर्थ आम्हीं नदीच्या घाटावर ऐकला आहे. आमच्या आजीच्या दहाव्याला पिंड मांडून झाला, आणि कावळा कांहीं शिवेना. समोरच्या पिंपळावर चांगले दहाबारा बसले होते. थोरल्या काकांनीं हात जोडून एकेक गोष्ट कबूल केली: देवघर मोडणार नाहीं, धाकट्याचें शिक्षण पुरें करूं. एकहि हालला नाहीं. ऊन चढलें, भटजींनीं दर्भाचा कावळा करण्यासाठीं हात पुढें केला. आमची बालविधवा आत्या मागें एकटी उभी होती. तिच्याकडे न पाहतां काका म्हणाले, "आई, ताईला या घरांतून कोणी जा म्हणणार नाहीं." मग कचेरींत आयुष्य घालविलेल्या त्या भारदस्त गृहस्थानें तोंडाशीं हात नेऊन, सर्वांदेखत, 'काऽ काऽ' अशी हांक घातली. त्या हांकेंत कावळ्याची नक्कल होती, कीं त्याचें नांव होतें, कीं तें आईलाच बोलावणें होतें, हें सांगणें कठीण. दोन कावळे खालीं उतरले.

आत्या पुढें एकोणीस वर्षें त्या घरांत राहिली. काका रोज जेवणापूर्वीं अंगणांत काकबळि ठेवून तीच हांक देत. आणि तेथेंच पलीकडे आत्या पापडांच्या राखणीला काठी घेऊन बसलेली असे.