गच्चीवरचं खुराडं

मे महिन्याच्या दुपारी आजोळी कोंबड्या दिसायच्याच नाहीत. दहा-बारा होत्या. सकाळी अंगण उकरून ठेवायच्या आणि उन्हं चढली की गडप. एखादी मोरीमागच्या केळीच्या बुंध्याशी ओल्या मातीत रुतलेली, दुसरी पडवीतल्या लाकडांच्या चवडीमागं, आणि एक काळी तलंग तर नेमानं आत येऊन कणगीखाली बसायची. खुराडं दिवसभर उघडं नि रिकामं. ते फक्त रात्रीचं, मुंगूस आणि रानमांजरापासून वाचण्यापुरतं.

आजोळ कोंबडभुजे. नावातच कोंबड, त्यामुळं सुट्टीहून परत आले की शाळेतल्या मुली पहिला आठवडा मला आरवूनच हाक मारायच्या.

बय, म्हणजे माझी आजी, जेवणं उरकल्यावर चटई उचलायची आणि कोंबड्या कुठं बसल्यात ते आधी बघायची. त्यांच्या शेजारीच पसरायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “कोंबरीला कोन सावली दावतो? तीच आपल्याला दावते.” कोंबड्यांना उन्हाळ्यात ‘सांभाळायचं’ असतं, ही कल्पनाच त्या घरात नव्हती. दाणे पहाटे एकदा, दिवेलागणीला एकदा. भरदुपारी काही नाही. कारण शास्त्राचं नव्हतं, दुपारी बयला वेळ नसायचा. पुढं कळलं की खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून कडक उन्हात खाद्य काढून घ्या असंच पशुवैद्य सांगतात.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग एरवीच ४१ अंशांच्या पुढं असतं. उकडलं की ती पंख अंगापासून सोडवते, तुऱ्यातून, पायांतून थोडी उष्णता टाकते आणि उरलेलं काम चोच उघडून धापा टाकत करते. श्वासाबरोबर ओल उडून जाते, तेवढा गारवा. कोरड्या हवेत ही युक्ती चालते. आपल्या खाडीकाठी हवा आधीच भिजलेली. तिच्यात आणखी ओल शिरायची कुठं? म्हणून इथं पारा फार चढला नाही तरी कोंबडी दमते. शिवाय धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवच नीट धरत नाही. मेमधलं अंडं बोटांत जपून धरावं लागायचं, ते यामुळं. बयनं मेमधली अंडी खुडुकीखाली कधी ठेवली नाहीत.

नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांत कोंबडभुजे होतं. उलव्याची टेकडी फोडून सपाट झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. मी लग्न होऊन करंजाड्याच्या गावठाणात आले तेव्हा आमचंही घर कौलारू होतं. आता त्याच जागेवर तीन मजले आहेत, अंगणाच्या जागी मोटारसायकली. करंजाचं एक झाड कोपऱ्याला उरलंय. वसंतात पानं झडून नवी येतात नि मेमध्ये खाली गडद सावली पडते. त्या सावलीत मात्र शेजाऱ्यांची गाडी असते.

तीन वर्षांपूर्वी हौसेनं पनवेलच्या बाजारातून पाच पिल्लं आणली आणि गच्चीवर ठेवली. त्यातल्या दोघी उघड्या मानेच्या. दिसायला आजारी वाटतात, पण पिसं कमी म्हणून उन्हाळा त्यांनाच बरा झेपतो. खुराड्याला पत्रा, जमीन स्लॅबची. शेणानं सारवलेली जमीन रात्री निवते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर परत देत बसतो. पहाटे चारलासुद्धा माझ्या कोंबड्या चोची उघड्या ठेवून बसलेल्या.

मग मी एक शहाणपणा केला. मोठ्या पोल्ट्रीत ओल्या जाळीतून हवा आत घेतात, हे पाहिलेलं होतं. मी चारही बाजूंना ओली गोणपाटं बांधली, वर दिवसातून तीनदा पाणी मारलं आणि समाधानानं खाली झोपायला गेले. संध्याकाळी दोघी मेलेल्या. आत हात घातला तर वाफाळ, आंघोळीनंतरच्या न्हाणीघरासारखं. पोल्ट्रीत त्या जाळीसमोर मोठाले पंखे असतात आणि हवा सपाटून वाहत असते. मी त्यातलं नेमकं पाणी उचललं आणि वारा विसरले. समुद्राकडच्या माणसानं तरी ही चूक करायला नको होती.

आता पश्चिमेची बाजू सताड उघडी आहे, फक्त जाळी. दुपारी खारा वारा तिकडूनच येतो. पत्र्यावर पेंढा, आणि हिरवी जाळी पत्र्याला न टेकवता वीतभर वर ताणलेली, मधून वारा जायला. स्लॅबवर वाळूचा थर, त्याचा एक कोपरा ओला. पाणी मातीच्या कुंड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं. राख-मातीचं घमेलं, त्यात लोळतात. याच रायगड जिल्ह्यात भिऱ्याला २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश नोंदले गेले होते. ते लक्षात ठेवून मी मे उजाडायची वाट बघत नाही, होळीलाच पेंढा चढवते. ओळखीचे म्हणतात, गिरीराज जातीच्या कोंबड्या आण, वजनाला भारी. भारी अंग म्हणजे उष्णताही भारी. गच्चीवर नको.

एवढं करूनही परवा दुपारी मोजल्या तर एक कमी. काळी. दार मीच नीट लावलं नव्हतं. गच्ची पालथी घातली, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, मग जिना उतरत आले. तीन मजले एकेक पायरी उतरून बाई तळमजल्याला पोचल्या होत्या. पंपाशेजारी नळ ठिबकतो, तिथं जिन्याखालच्या अंधारात, ओल्या फरशीवर पोट टेकून, चोच मिटून बसलेली. मी टेकून उभी राहिले. तिथं खरंच गार होतं. थोड्या वेळानं वर जाऊन चटई घेऊन आले.